पाचवा ससा

सशेरावाला विमान चालवता येत नव्हतं, दुरुस्त करता येत नव्हतं, आणि नुसतं आत बसायचं म्हटलं तरी तो दोन पावलं मागे सरायचा. पण गेली सतरा वर्षं त्याच्या घरची चूल विमानतळाच्या जिवावर पेटत होती. काम एकच. धावपट्टीवर जनावर दिसलं की हुसकायचं. कागदावर त्याच्या हुद्द्याचं नाव इतकं लांबलचक होतं की पगाराच्या चिठ्ठीत ते दोन ओळींत मोडून छापावं लागे. लोकांनी ते सोपं केलं. सगळा दिवस सशांच्या मागे, म्हणून सशेराव. आता त्याची बायकोसुद्धा रागावली की ‘अहो सशेराव’ म्हणायची, आणि ती दिवसातून तीनदा तरी रागवायचीच.

विमानतळ म्हणजे तरी काय, एक धावपट्टी, एक मनोरा, एक पत्र्याची शेड आणि चहूबाजूंनी जाळीचं कुंपण. दिवसाकाठी पाच-सहा लहान विमानं. टपालाचं, औषधांचं, खाणीवरच्या इंजिनिअर लोकांचं. बाकी सगळं गवत. कुंपणाबाहेर गोदामं उठली, घरं उठली, रस्त्याला रस्ते फुटले. मोकळं रान म्हणून राहिलं ते कुंपणाच्या आत, आणि त्यात ससे. किती? सशेरावाच्या मते सव्वाशे. कचेरीच्या मते बारा. हा बाराचा आकडा नऊ वर्षांमागे कुणीतरी नोंदवहीत लिहिला होता आणि तेव्हापासून दर वर्षी तो मागच्या पानावरून पुढच्या पानावर उतरवून घेतला जात होता. सशांना पिल्लं होतात हे कचेरीला मान्य नव्हतं.

आता नियम असा, की एका वर्षात पाच ससे विमानाच्या चाकाखाली गेले तर धावपट्टी चौकशीसाठी बंद, आणि हुसकणाऱ्याचा करार रद्द. हे साहेबांनी त्याला समोर बसवून, मोठ्याने वाचून, खाली सही घेऊन सांगितलं होतं. वर्ष संपायला नऊ दिवस उरले होते. आठव्या दिवशी वरून तपासणी यायची होती. आणि ससे गेले होते चार.

चारही एकाच तऱ्हेने गेले. पळताना नाही, बसल्या जागी.

लोकांचं घोडं अडतं ते इथेच. ससा म्हटलं की त्यांना वाटतं, भित्रं जनावर, चाहूल लागली की धूम ठोकणार. सशेरावालाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं. मग जीपमध्ये बसून बसून, पहाटे नि तिन्हीसांजेला बघून बघून, त्याला उमगत गेलं. साळिंदराला काटे आहेत, रानडुकराला सुळे आहेत, घुशीला बीळ आहे. सशाला बीळसुद्धा नाही. उघड्यावर जन्मायचं, उघड्यावर मरायचं. त्याच्या वाट्याला आले ते डोळे, पाय आणि गप्प बसायची अक्कल. डोळे असे बाजूला, की मान न वळवता मागचंही दिसावं. दिवसभर मातीत अंगापुरता खळगा करून, कान पाठीला चिकटवून तो पडून राहतो, आणि माणूस दोन पावलांवर येईतो हलत नाही. हलला की संपला, हे त्याला आईच्या पोटातूनच कळलेलं. अगदीच अंगावर आलं, तर मग उडतो, आणि असा उडतो की मागे लागणाऱ्याचे पाय एकमेकांत अडकावेत. डावीकडे, उजवीकडे, मध्येच आल्या वाटेने मागे, आणि तिथून एक लांब उडी बाजूला, म्हणजे वास घेत येणारा त्या जागी येऊन वेड्यासारखा गोल फिरत राहतो.

सशाच्या मादीचं तर आणखी वेगळं. पिल्लं एका जागी ठेवत नाही. एक इथे, एक तिथे, एक पार पलीकडे. स्वतः दिवसभर त्यांच्याजवळ फिरकतसुद्धा नाही, कारण तिच्या वासावर कोल्हा येईल. दिवस मावळल्यावर एकदाच येते, पाजते, चाटते, जाते. पहिल्या वर्षी सशेरावाने असली दोन ‘टाकलेली’ पिल्लं उचलून घरी आणली होती, आणि बायकोने खोक्यात कापूस घालून त्यांची अंथरुणं केली होती. दोन्ही मेली. तेव्हापासून तो कुठल्याच पिल्लाला हात लावत नव्हता, आणि ती गोष्ट निघाली की विषय बदलत होता.

तर, कोल्ह्यासाठी जी अक्कल ससा शिकला, ती विमानापुढे उलटी पडायची. विमान आलं की ससा दबून बसायचा. कोल्हा अशाने निघून जातो. विमान जात नाही.

मग धावपट्टीवर यावंच कशाला? या प्रश्नाचं उत्तर सशेरावाने नऊ वेळा लेखी दिलं होतं. सशाला चरायला आखूड गवत लागतं. आखूड गवतावर चहूकडचं दिसतं, कोल्हा लांबूनच कळतो, आणि कापलेल्या गवताला जो कोवळा फुटवा येतो तो सशाला मिठाईसारखा. उंच गवतात त्याला दिसत नाही, म्हणून तिथे तो चरत नाही. आणि कचेरी काय करायची? ससे दिसले की धावपट्टीच्या दोन्ही अंगांचं गवत कापायची. का? तर सशांना लपायला जागा राहू नये म्हणून! म्हणजे ज्याला हाकलायचं त्याचंच ताट वाढून ठेवायचं, आणि पुन्हा तो जेवायला बसला म्हणून बोंब मारायची. सशेराव म्हणायचा, धावपट्टीजवळ गवत गुडघाभर वाढू द्या आणि पार मागच्या कोपऱ्यात आखूड कापा. ससे आपोआप तिकडे जातील. नऊ वेळा म्हटलं. नऊ वेळा कागद परत आला. एकदा तर ‘अर्ज विहित नमुन्यात नाही’ असा शिक्का मारून.

विहित नमुन्यात आला तो सशांना घाबरवायला कचेरीने मागवलेला प्लास्टिकचा लांडगा. हिरव्या डोळ्यांचा, दात विचकलेला. तीन दिवसांत ससे त्याच्या सावलीत बसून अंग चाटायला लागले.

तपासणीचं पत्र आलं त्या सकाळी साहेबांनी त्याला बोलावलं. साहेबांना सगळे मागून कंगवासाहेब म्हणायचे. खिशात कायम कंगवा, टेबलावरची पेनं एका रांगेत, आणि खुर्चीमागच्या फायली उंचीप्रमाणे लावलेल्या.

“हे बघा,” साहेब खिडकीबाहेर बोट दाखवत म्हणाले, “हे मैदान आहे की महिनाभर न्हाव्याकडे न गेलेलं डोकं? वरचे लोक येणार. सगळं गवत चार बोटं. कोपरा न् कोपरा.”

“साहेब, धावपट्टीजवळचं तेवढं राहू द्या. नऊ दिवस. हात जोडतो.”

“का?”

“चार बोटं केलंत की फुटवा येणार. फुटवा आला की ससे येणार. एक जरी चाकाखाली गेला—”

“तुमचं काम काय आहे?”

“हुसकायचं.”

“मग हुसका की.”

“साहेब, मी एक, ससे सव्वाशे.”

“बारा,” साहेब म्हणाले, आणि नोंदवही उघडून दाखवली.

सशेरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण साहेबांपुढे ती आग मस्तकातच ठेवायची असते. तो ‘बरं’ म्हणाला आणि बाहेर येऊन जीपच्या चाकाला एक लाथ घातली. चाकाला काही झालं नाही, अंगठा मात्र दुखावला.

आणि यात खरी गोची अशी, की गवत कापायचा ट्रॅक्टर चालवायला होता त्याचा स्वतःचा जावई.

जावई सहा महिन्यांपूर्वी लागला होता, तोही सशेरावाच्याच शब्दावर. लेक आणि जावई त्याच्याच शेजारच्या खोलीत, मध्ये एक भिंत, आणि भिंतीला एक दार. पोरगा चांगला, मेहनती, पण कागदावर लिहिलेलं ते ब्रह्मवाक्य. सासऱ्याने जावयाला दटावायचं कसं? दुसरा कोणी असता तर सशेरावाने ट्रॅक्टरवरून कॉलर धरून खाली ओढला असता. इथे ‘जावईबापू’ म्हणून सुरुवात करायची.

“जावईबापू, जेवलात का?” संध्याकाळी त्याने दारातून डोकावून विचारलं.

“हो मामा. या ना, बसा.”

“बसतो कसला. ते गवताचं... उद्यापासून?”

“उद्यापासून. आठ दिवसांत संपवायचंय सगळं. कागद आलाय.”

“धावपट्टीकडून नका सुरुवात करू.”

जावयाने मान खाली घातली. “साहेबांनी तिकडूनच सांगितलंय मामा. तोंडी. तपासणीवाल्यांना आधी ते दिसतं म्हणून.”

“तोंडी ना? मग तोंडी विसरा.”

“सहाच महिने झालेत मला. अजून कायम नाही केलेलं. तुम्ही कागद आणून द्या, मी गवताचं पातंसुद्धा तोडणार नाही.”

आतून लेक म्हणाली, “बाबा, त्यांना मध्ये नका घेऊ तुमच्या सशांच्यात.”

“माझे ससे?” सशेराव म्हणाला. “मी पाळलेत का?”

“पाळले असते तर बरं झालं असतं,” इकडून त्याची बायको बोलली. ती भिंतीपलीकडचं सगळं ऐकत कपड्यांच्या घड्या घालत होती. “निदान तुमच्या हाकेला तरी आले असते. घरात कुणाला हाक मारायची तर नाव आठवायला दहा मिनिटं लागतात, मैदानात मात्र एकेका सशाचा वंश माहीत!”

“अगं, एक ससा गेला तर मी घरी बसणार आहे. मग दिवसभर तुला हाक मारत बसेन. चालेल का?”

“बाई गं!” बायको म्हणाली. “एकही नको जायला.”

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर चालला. दिवसभरात धावपट्टीच्या एका अंगाने लांब पट्टा निघाला, अगदी साहेबांच्या भांगासारखा सरळ. जावई मन लावून काम करत होता, आणि त्याचं मन लागलेलं पाहून सशेरावाचा जीव मेटाकुटीला येत होता. ट्रॅक्टरच्या पुढे पुढे चालून त्याने गवतातले तीन ससे उठवले, नाहीतर ते बसल्या जागी पात्यात गेले असते. त्याने हात आडवे करून ट्रॅक्टर दोनदा थांबवला. जावयाने दोन्ही वेळा इंजिन बंद केलं, पण तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघितलं.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे उजाडताना सशेरावाने दारावर टकटक केलं आणि जावयाला जीपमध्ये घातलं. “काही बोलू नका. फक्त मोजा.”

कापलेल्या पट्ट्यावर दव चमकत होतं, आणि त्यावर ससे होते. काही चरत होते, काही एकमेकांच्या मागे पळत होते, दोघं तर धावपट्टीच्या डांबरावर पाय पसरून बसले होते, कारण रात्री डांबर गवतापेक्षा ऊबदार राहतं. जावई ओठ हलवत मोजत होता. चौतीसवर तो थांबला.

“परवा किती होते इथे मामा?”

“सहा.”

तेवढ्यात पलीकडच्या नाल्याच्या तोंडातून कोल्हा आला. कुंपणाखालून एकच वाट होती त्याची, आणि आठवड्यातून दोनदा तो यायचा. पोट जमिनीला लावून, वळसा घेत घेत तो सशांकडे निघाला. सगळ्यांत जवळचा ससा पळाला नाही. तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला, ताठ, छाती कोल्ह्याकडे करून, आणि बघत राहिला. कोल्हा थांबला. दोघांनी एकमेकांना बघितलं. मग कोल्ह्याने तोंड फिरवलं आणि जसं काही इथून सहजच चाललो होतो अशा ऐटीत निघून गेला.

“हे काय?” जावई कुजबुजला.

“तो त्याला सांगतोय, दिसलास. आता लपून काही व्हायचं नाही, आणि पळण्यात मी तुझा बाप आहे. कोल्ह्यालाही ते माहीत असतं. फुकट दम कशाला घालवायचा?”

“आणि आखूड गवत असलं की सशाला कोल्हा लांबून दिसतो, म्हणून ससे इथे येतात!”

“नऊ वेळा लिहिलंय.”

जावयाने कापलेल्या पट्ट्यावरून पुन्हा एकदा नजर फिरवली. मग म्हणाला, “मला दिसलं मामा. पण मला दिसून काय उपयोग? साहेबांना दिसलं पाहिजे.”

हे मात्र खरं बोलला पोरगा. सशेराव तडक कचेरीत गेला आणि साहेबांना म्हणाला, एकदा या, डोळ्यांनी बघा. साहेब म्हणाले, येतो. सशेराव म्हणाला, पहाटे. साहेब म्हणाले, पहाटे मी कामावर नसतो. शेवटी दुसऱ्या दिवशी पावणेअकरा ठरलं.

आता पावणेअकरा वाजता, लख्ख उन्हात, ससा दाखवायचा म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. साहेब पॉलिश केलेले बूट घालून पट्ट्यावर उभे राहिले. समोर सपाट, चार बोटं गवत. मधूनमधून उघडी माती. धावपट्टी पन्नास पावलांवर. लांबवर जावई ट्रॅक्टर लावून पात्याला धार करत होता.

“कुठे आहेत तुमचे सव्वाशे?”

“आहेत साहेब. बसलेत.”

“कुठे?”

सशेरावाची नजर तयार होती. साहेबांच्या उजव्या बुटापासून सहा हातांवर एक होता. मातीच्या खळग्यात, कान दाबून, मातीच्याच रंगाचा. डोळा उघडा, त्यात आभाळ दिसत होतं.

“तो काय. त्या वाळक्या गवताच्या झुबक्याला लागून.”

साहेबांनी बघितलं. “ढेकूळ आहे.”

“ढेकूळ नाही साहेब, ससा आहे.”

“हलत नाही.”

“हलत नाही म्हणूनच जिवंत आहे.”

“त्याच्या डावीकडचं काय?”

“ते ढेकूळ आहे.”

साहेबांनी एकदा ढेकळाकडे, एकदा सशाकडे आणि एकदा सशेरावाकडे बघितलं, आणि त्यांना तिघांतही काही फरक दिसला नाही.

“मग उठवा. पळवा. बघू दे मला.”

सशेरावाने पाऊल उचललं, आणि छातीवरचा वॉकी-टॉकी खरखरला. मनोऱ्यावरच्या बाईंचा आवाज. “दादा, टपालाचं विमान लवकर येतंय. चार मिनिटं.”

पाऊल हवेतच राहिलं. आता उठवला तर ससा कुठे जाईल हे देवालाही सांगता येणार नाही. पन्नास पावलं म्हणजे सशाला तीन श्वास. न उठवला, तर साहेब खरे. उठवला, तर कदाचित हाच पाचवा.

“काय झालं?” साहेब म्हणाले.

“विमान येतंय. आत्ता नको. पाच मिनिटं थांबा साहेब.”

“थांबा म्हणजे? ससा आहे म्हणता आणि दाखवत नाही!” साहेब हसले. “तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? गवत कापलं, ससे गेले. विषय संपला. लिहून घ्या, कापणीनंतर ससे शून्य.”

सशेरावाने दातावर दात ठेवले. सतरा वर्षांत त्याला साहेबांना शिव्या द्याव्याशा पुष्कळदा वाटल्या होत्या, पण सशाला शिवी द्यावीशी पहिल्यांदाच वाटली. अरे लेका, जरा कान तरी हलव! कोल्ह्यापुढे छाती काढून उभा राहतोस, आणि आज माझ्या पोटावर आलंय तर ढेकूळ होऊन बसलास! ससा अर्थातच हलला नाही.

आणि साहेब निघाले. निघाले ते सरळ जीपकडे न जाता, वाटेतला चिखल चुकवायला दोन पावलं उजवीकडे सरकले.

“साहेब, तिकडून न—”

ढेकूळ फुटलं. साहेबांच्या बुटाखालूनच जणू जमीन उडाली. साहेब ‘आई गं’ करून मागच्या मागे गवतात बसले, आणि ससा डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असा वेडावाकडा सुटला तो थेट धावपट्टीवर. मधोमध गेला. समोरून विमानाची घरघर ऐकली. आणि दबून बसला.

“बाई, विमान वर घ्या! मध्ये ससा!” सशेराव पळता पळता ओरडला.

“सांगतेय दादा, पण पलीकडून नुसती खरखर! ऐकू जातंय की नाही काय माहीत!”

विमान पलीकडच्या टोकावर उतरत होतं. चाकं खाली आली होती. सशेराव चौपन्न वर्षांचा, पोट सुटलेला, अंगठा दुखावलेला, धावपट्टीच्या कडेपर्यंत पोचला तोवर त्याला दम लागला होता. त्याने हात हलवले. ससा आणखी दबला. मग कोल्ह्यासारखा वाकून, वळसा घेऊन तो पुढे सरकला, आणि त्या शहाण्याने काय करावं? मागच्या पायांवर उभा राहिला! ताठ! दिसलास म्हणाला!

“अरे मुडद्या!” सशेराव म्हणाला.

तेव्हा त्याला दोन वर्षांमागचं भटकं कुत्रं सुचलं. कुंपणातून घुसलेलं. त्या दिवशी एकही ससा उभा राहिला नव्हता, सगळे पहिल्या भुंकण्यालाच पसार झाले होते. कोल्हा, आपण दिसलो हे कळलं की परत फिरतो. कुत्रं मूर्ख असतं, ते परत फिरत नाही, दम संपेतो मागे लागतं. कुत्र्यापुढे उभं राहून उपयोग नाही, हे सशाला ठाऊक असतं.

सशेराव भुंकला. आधी जरा लाजत, मग पोटातून. सरळ सशाच्या अंगावर, जीभ बाहेर काढून, हात पंज्यांसारखे धरून, भुंकत धावला. ससा खाली आला, वळला आणि सुटला. डांबर, कड, गवत, आणि दिसेनासा. सशेराव कडेला पालथा पडला आणि विमान त्याच्या पुढून वारा उडवत निघून गेलं.

त्याच्या मुठीत वॉकी-टॉकी होता आणि त्याचं बटण बाईंचं बोलणं संपल्यापासून दाबलेलंच होतं; ते त्याने आता सोडलं.

“मनोरा,” विमान थांबल्यावर वैमानिकाचा आवाज आला, “खाली कुत्रा आहे का?”

मग बाई म्हणाल्या, “नाही साहेब. आमचेच आहेत.”

सशेराव उठून, कपडे झटकत परत आला. जावई ट्रॅक्टर सोडून धावत आला होता. साहेब उभे होते, पाठीला गवत चिकटलेलं, आणि कंगव्याने केस बसवत होते.

“आता तरी दिसला ना साहेब?”

“एक दिसला.”

“एक? अहो, इथून त्या खांबापर्यंत तीस-चाळीस असतील!”

“मला एक दिसला,” साहेब म्हणाले. “एका सशावर मी आदेश फिरवू? सगळं गवत कापलं जाईल असं वर लिहून गेलंय. आणि तुम्ही धावपट्टीवर परवानगीशिवाय गेलात, त्याचं काय ते नंतर बघू.”

तेव्हा जावई बोलला, नेहमीसारखा, मान खाली घालून.

“साहेब, कागदावर सगळं कापायचं लिहिलंय. कुठून सुरुवात करायची ते नाही लिहिलेलं.”

“कुठूनही करा. पण करा.”

“बरं साहेब.”

जावयाने ट्रॅक्टर वळवला आणि पार मागच्या कोपऱ्यात नेला. तिथून त्याने कापायला घेतलं, इतकं हळू, इतकं नीटनेटकं, पुन्हा पुन्हा त्याच जागेवरून, की बघणाऱ्याला वाटावं गालिचा विणतोय. संध्याकाळी सशेरावाने त्याला विचारलं, “जावईबापू, पाती बोथट झालीत का?” तर तो म्हणाला, “मामा, तुम्ही तुमचं काम करा.” आणि पहिल्यांदाच सशेरावाला त्याच्या तोंडून असलं बोलणं गोड लागलं.

तरी ते चार दिवस काही सुखाचे गेले नाहीत. कापलेला पट्टा होताच. सशेराव रोज पहाटे तिथे, भोंगा वाजवत, हात हलवत, आणि आजूबाजूला कुणी नसेल तर भुंकतही. मनोऱ्यावरच्या बाई दुर्बिणीतून बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत, हे त्यांचे उपकार. हळूहळू ससे सरकले. तपासणीच्या दिवशी पट्ट्यावर सात होते आणि मागच्या कोपऱ्यात एकोणसत्तर. सातांना त्याने उजाडायच्या आत हाकललं.

तपासणीवाले आले. दोन गाड्या, चार माणसं. दिवसभरात तीन विमानं उतरली, तीन उडाली. एकही ससा धावपट्टीकडे फिरकला नाही. वर्ष चारावर संपलं. सशेरावाचा करार पुढे चालू झाला. तो घरी आला, पायातले बूट काढले आणि बायकोला म्हणाला, “वाचलो.” ती म्हणाली, “हात धुवा.”

आठवड्याने दोन कागद आले. तपासणीवाल्यांनी सशांबद्दल अवाक्षर लिहिलं नव्हतं. नसलेल्या सशाबद्दल कोण लिहितो? त्यांनी लिहिलं होतं, ‘गवताची उंची असमान’. त्यावर साहेबांनी नवा आदेश काढला होता. गवत सर्वत्र चार बोटं, वर्षभर, आणि सुरुवात धावपट्टीपासून. या वेळी ‘धावपट्टीपासून’ हा शब्द लिहिला होता, खाली रेघसुद्धा ओढली होती. प्रत जावयाला. दुसरा कागद सशेरावाला. धावपट्टीवर विनापरवाना प्रवेश केल्याबद्दल, यंत्रणेवर कुत्र्याचा आवाज काढल्याबद्दल, आणि गवत असमान राहिल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा सादर करावा. नमुना सोबत जोडला आहे.

जावई कागद हातात घेऊन भिंतीच्या दारात उभा राहिला. “मामा, आता काय?”

“आता काय, कापा. दुसरं काय करणार तुम्ही!”

“असमान का राहिलं याला काय लिहायचं?” लेकीने विचारलं.

“लिहा, सशांनी खाल्लं,” बायको म्हणाली.

जावई हसला, लेक हसली. सशेराव हसला नाही. “तुम्हाला हसायला काय जातंय,” तो म्हणाला. “पुन्हा एकपासून मोजायचंय मला. पुन्हा पाच.” त्याने चष्मा लावला, ताट बाजूला सारलं आणि नमुना समोर ओढला. साहेबांना एकदाचं नीट, मुळापासून, लहान पोराला समजवावं तसं समजवून लिहायचं ठरवलं. ससा कुठे राहतो, काय खातो, कुणाला भितो, कुणाला भीत नाही, आणि चार बोटं गवत म्हणजे त्याला काय वाटतं.

खुलाशासाठी नमुन्यात चार ओळी सोडल्या होत्या. त्या संपल्या तेव्हा तो नुकता सशाच्या डोळ्यांपर्यंत आला होता. मग त्याने कागद आडवा केला आणि समासात लिहायला घेतलं.